उजवा हिरवा दिवा

३ मे २००४, सोमवार

व्हर्नाने फर्मान काढलं आहे की मी रोज चार ओळी लिहून ठेवायच्या. "लॉइड हन्सबर्गर, तुझ्या डोक्यात जे आहे ते तू गेल्यावर कुणाला विचारायचं? तुझ्या कुत्र्याला?" कुत्रा कधीच मेला आहे, पण व्हर्ना क्राट्झशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मी सत्तावन्न सालापासून जाणतो. रोज काही जमणार नाही. जेव्हा लिहावंसं वाटेल तेव्हा लिहीन.

निमित्त असं की आमची गोल इमारत विकली गेली. नौदलाचं संशोधन केंद्र बंद पडून आठ वर्षं झाली, तेव्हापासून तिथे कबुतरं राहत होती. आता ग्रेग डिलन नावाच्या एका उत्साही गृहस्थाने ती घेतली आहे आणि तो तिथे लग्नाचा हॉल काढणार आहे. आतलं माणसांना गरगर फिरवायचं आमचं चाक तो तसंच ठेवणार. चाकावरचं प्रेम वगैरे काही नाही, ते तोडून बाहेर काढायला इमारतीपेक्षा जास्त पैसे लागतात म्हणून. आता ते आहेच, तर शनिवारी येणाऱ्या लोकांना त्याची माहिती सांगायला त्याला कुणीतरी हवं आहे, आणि माहिती असलेले आम्ही दोघंच उरलो आहोत. व्हर्ना दिवे लावायची आणि मी पाळण्यात बसायचो.

मी हो म्हटलं. पण फक्त सकाळी. दुपारी मला आर्लीनकडे जायचं असतं.

८ मे, शनिवार

आज आत पाऊल टाकलं आणि तोच वास आला. तेल, रबर आणि तापलेली तांब्याची तार.

चाक म्हणजे पन्नास फुटी लोखंडी हात. एका टोकाला जमिनीत रुतलेली प्रचंड मोटर, दुसऱ्या टोकाला गोल पाळणा, आणि पाळण्यात पट्ट्यांनी बांधलेला माणूस. हात गरगर फिरायला लागला की माणसाचं वजन वाढत जातं. आठ जी म्हणजे आपल्याच वजनाची आठ माणसं आपल्या छातीवर बसली आहेत असं समजायचं. रॉकेटातून वर जाताना माणसाचं काय होईल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आधी आम्हाला फिरवून बघायचे. मी एकोणीस वर्षांचा खलाशी होतो आणि माझं हृदय घोड्यासारखं आहे असं डॉक्टर म्हणायचे.

ग्रेगला वाटत होतं की हे म्हणजे जत्रेतल्या चक्रासारखं काहीतरी असणार. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, चाक फिरत असताना मान वळवायची नाही. वळवली की डोक्यात असा भोवरा सुटतो की दोन दिवस अन्न पोटात टिकत नाही. त्यामुळे समोर बघत बसायचं आणि बाजूचं सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायचं. ती सवय माझ्या अंगात मुरली आहे. आजही मी चर्चमध्ये मान न हलवता सांगू शकतो की शेजारच्या बाकावर कोण पेंगतंय.

दुसरी गोष्ट दिव्यांची. समोर लाल दिवा, दोन बाजूंना दोन हिरवे. व्हर्ना वरच्या खोलीतून एकेक दिवा लावायची आणि तो दिसला की मी हातातलं बटण दाबायचो. वजन वाढलं की रक्त डोक्यातून उतरतं आणि आधी कडेचं दिसेनासं होतं. हिरवे जातात, मग लाल जातो, मग आपण जातो. मोठमोठे वैमानिक हिरवा दिसत नसतानाही अंदाजाने बटण दाबायचे, कारण नापास झालं तर विमान चालवणं बंद होईल. आम्हा प्रयोगाच्या माणसांना ती चैन नव्हती. आमचा नियम पक्का होता. शंका आली तर दिसला नाही असंच सांगायचं, आणि जे दिसलं नाही ते अहवालात घालायचं नाही.

"म्हणजे तुम्ही खरं बोलायचे पैसे घेत होता," ग्रेग म्हणाला.

"फार थोडे," व्हर्ना म्हणाली.

१७ मे, सोमवार

गाडी वळवताना टपालपेटीला घासली. उजवा आरसा लोंबतो आहे. रस्ता रुंद करायला आलेल्या लोकांनी पेटीचा खांब नक्कीच पुढे आणून रोवला आहे. नगरपालिकेला फोन केला, तर ती पोरगी म्हणते आम्ही तुमच्या रस्त्यावर कामच केलेलं नाही. यांना स्वतःचं काम कुठे चालू आहे हेसुद्धा ठाऊक नसतं.

२ जून, बुधवार

आज आर्लीनबद्दल लिहितो. टाळत होतो.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डावा हात चांगला आहे. केअर होम घरापासून बारा मैलांवर आहे. मी जेवण झालं की निघतो. तिथली सेविका कम्फर्ट तिला खिडकीपाशी आणून बसवते. ही बाई लायबेरियातून आलेली आहे, आर्लीनला आईसारखं सांभाळते आणि मला शाळकरी पोरासारखं. मी आर्लीनच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसतो, दोघांची तोंडं एकाच दिशेला, टीव्हीवर बेसबॉल. आम्ही गाडीत असेच बसायचो, मी चाकाशी आणि ती माझ्या उजवीकडे. लग्नानंतर आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे ती डावा तळवा वर करून मध्ये ठेवायची. बोलायची नाही, माझ्याकडे बघायचीही नाही, नजर रस्त्यावर. मी गिअर टाकून झाला की तिचा हात धरायचो.

झटक्यानंतर पहिलं दीडेक वर्ष खुर्चीच्या दांडीवर तिचा तळवा तसाच यायचा. तेवढंच आमचं बोलणं होतं आणि मला ते पुरत होतं. नाताळानंतर ते थांबलं.

कम्फर्ट म्हणते, "मिस्टर लॉइड, आज त्यांनी हात पुढे केला होता की! तुम्ही धरला नाहीत."

"मी शेजारीच होतो. मला दिसला नाही."

"मी बघितला ना."

भली बाई आहे. म्हाताऱ्याचं मन राखायला बोलते. पण मी जन्मभर जे दिसलं नाही ते दिसलं असं कधी म्हटलेलं नाही, आणि बायकोच्या बाबतीत तर मुळीच म्हणणार नाही.

१३ जून, रविवार

चर्चनंतर अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये नाश्ता होता. स्क्रॅपल म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वड्या, अंडी, काकवीची गोड पाई. ह्याच हॉलमध्ये मी आर्लीनला पहिल्यांदा नाचायला विचारलं होतं. तिने माझ्या मानेवरचे लाल ठिपके बघितले आणि दोन पावलं मागे सरली. "तुला गोवर झालाय का?"

गोवर नव्हता. जास्त वजनाच्या फेरीनंतर पाठीवरच्या बारीक शिरा फुटतात आणि पाठभर लाल ठिपके उठतात. हे तिला बाहेर अंगणात उभं राहून समजावलं. तिला एक अक्षर पटलं नाही. म्हणाली, "शर्ट वर कर." शेतकऱ्याची मुलगी, तिला लाज कसली? तिने बोटाने एकेक ठिपका दाबून बघितला. मी मनात म्हटलं, लॉइड, हिच्याशीच लग्न करायचं.

पुढे आमचं लग्न झाल्यावर फेरी असलेल्या दिवशी ती संध्याकाळी कापसाने पाठीला औषध लावायची आणि तोंडाने डॉक्टरांचा उद्धार करायची. "आणि हे सगळं कुणासाठी? त्या सुंदर दातांच्या वैमानिकांसाठी! फोटो त्यांचे येणार, पाठ माझ्या नवऱ्याची सोलणार." एकोणसाठ साली अंतराळात जायला निवडलेले ते वैमानिक खरंच आले, तेव्हा सगळं गाव त्यांना बघायला फाटकापाशी जमलं. आर्लीन गेली नाही. तिने त्या दिवशी मक्याचं चिकन सूप केलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "त्यांच्या आधी तू बसलास, हे मला माहीत आहे. तेवढं पुरे."

खरंच, तेवढं पुरेसं होतं. त्या सुखात मी इतका बुडालो होतो की आजूबाजूला काय चाललंय ते मला कळायचंही नाही.

५ जुलै, सोमवार

शेजारचा हार्वी रागावला आहे. तीन वेळा हात केला, तू बघितलंही नाहीस, म्हणतो. मी त्याला म्हटलं, मला तू दिसलाच नाहीस. तर म्हणतो, सहा फूट दोन इंचांचा माणूस आहे मी. त्याचा स्वभाव म्हातारपणी तिरसट होत चालला आहे.

केअर होममध्ये आज पुन्हा कॉफी सांडली. कम्फर्ट ट्रे नेमका माझ्या कोपराखाली आणून ठेवते.

डेलचा फोन आला. आमचा मुलगा, ओहायोत असतो. वाईट नाही, पण घाईचा आहे. "डॅड, इथे आमच्या घराजवळ एक छान जागा आहे. आईला इकडे आणू या. मुलं तिला रोज भेटतील. तुम्हीही हळूहळू घर आवरा. तिला कुठे काय कळतंय आता, पेनसिल्व्हेनिया काय आणि ओहायो काय."

मी म्हटलं, तुझ्या आईला सगळं कळतं.

"तुम्हाला ओळखते?"

मी फोन खाली ठेवला.

२२ जुलै, गुरुवार

आज मी ठरवून गेलो होतो. पूर्ण सामना, पहिल्या डावापासून नवव्यापर्यंत, नजर समोर आणि लक्ष सगळं उजव्या कोपऱ्यात. तिच्याकडे वळून टक लावून बघितलं असतं तर तिला वाटलं असतं की मी तिची परीक्षा घेतोय. ज्याच्यावर अशा परीक्षा झाल्या आहेत त्याला ते कसं लागतं ते कळतं. म्हणून मान हलवली नाही. व्हर्नाने दिवा लावायची वाट बघावी तसा बसून होतो.

काही आलं नाही. नऊ डाव, आणि काही नाही.

सामना संपल्यावर एकदाच मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिच्या कपाळाला आठी होती. एखादा अनोळखी माणूस आपल्या शेजारी येऊन का बसलाय असं तिला वाटत असावं.

परत येताना एका गाडीवाल्याने उजवीकडून जोरजोरात भोंगा वाजवला. मी थांबून रडलो. भोंग्यामुळे नाही.

९ ऑगस्ट, सोमवार

डेलला हो सांगितलं. सप्टेंबरच्या तीस तारखेला गाडी येऊन तिला नेणार. मी घर विकेपर्यंत इथेच राहीन, मग बघू.

डेलला आनंद झाला, मग त्याला माझ्या आवाजावरून काहीतरी कळलं असावं. "डॅड, तुम्ही बरे आहात ना?"

"उत्तम," मी म्हटलं.

तिला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, आर्लीन, डेलच्या घराजवळ जायचंय तुला, तिथे नातवंडं आहेत, तुला बरं वाटेल. ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं. कम्फर्ट म्हणाली, त्या रडतायत. पण डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं की ह्या आजारात कधी कधी डोळ्यांतून आपोआप पाणी वाहतं, त्याचा अर्थ लावू नये.

कम्फर्टने आज मला कॉफी विचारली नाही.

२८ ऑगस्ट, शनिवार

हॉल बराच नटला आहे. भिंतींना पांढरा रंग, छताला दिव्यांच्या माळा, आणि मधोमध आमचं चाक, हातावर नवा निळा रंग मारलेलं. लग्नाच्या हॉलमध्ये ते व्याह्यांच्या पंगतीत रुसून बसलेल्या म्हाताऱ्या काकासारखं दिसतं. पाळणा खाली उतरवून चौथऱ्यावर ठेवला आहे. व्हर्नाने दिव्यांची पट्टी नव्याने बनवून घेतली. अंतर किती, उंची किती, सगळं तिला तोंडपाठ होतं. सप्टेंबरच्या अठरा तारखेला उद्घाटन आहे. मी पाळण्यात बसायचं, तिने दिवे लावायचे आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या.

डबे उघडून बसलो होतो तेव्हा मी तिला ओहायोचं सांगितलं. तिने सँडविच खाली ठेवलं.

"तू सोडून देतोयस तिला?"

"तिनेच मला सोडलंय, व्हर्ना. हात पुढे करत नाही आता. मी दोन दोन तास बसतो."

"नक्की?"

"मी कधी खोटा अहवाल दिलाय?"

"नाही," ती म्हणाली. "तेवढं एक तू कधीच केलं नाहीस." आणि मग तिने तिचं अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं. ते मला दिसलं नाही, हाताचा धक्का लागून खाली पडलं. व्हर्ना माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होती. सँडविच वाया गेल्याचं तिला फार लागतं.

१८ सप्टेंबर, शनिवार

सगळं नीट लिहायचा प्रयत्न करतो.

शंभरेक लोक आले होते. आमच्या वेळच्या लोकांच्या विधवा, मुलं, नातवंडं, आणि स्थानिक वर्तमानपत्राची एक बातमीदार. ग्रेगने टाय लावला होता. मी पाळण्यात बसलो. खुर्ची तीच होती, पाठीला ओळखीची लागली. पट्टे बांधले, दोन्ही हातांत बटणं घेतली आणि मला एकोणीस वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. झाकण काढून टाकलं होतं, त्यामुळे लोकांना मी आणि दिवे दोन्ही दिसत होते. व्हर्ना समोर टेबलाशी.

लाल लागला, मी दाबलं. डावा हिरवा लागला, दाबलं. मग काही नाही.

मी वाट बघितली. "व्हर्ना, झोप लागली का?" लोक हसले.

पुन्हा लाल. पुन्हा डावा. पुन्हा काही नाही. मी म्हटलं, "उजवा बल्ब उडालाय, ग्रेग. स्वस्तातला आणलास ना?" या वेळी कमी लोक हसले. मागून कुणीतरी लहान आवाजात म्हणालं, "पण तो लागलाय."

व्हर्ना उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "लॉइड, मान वळव."

"आपण मान वळवत नाही."

"चाक बंद आहे, लॉइड. आठ वर्षं झाली बंद होऊन. वळव मान."

मी वळवली. उजवा हिरवा जळत होता. लिंबाएवढा, स्वच्छ, दिवसाढवळ्या. मी मान समोर केली आणि तो नाहीसा झाला. पुन्हा वळवली आणि तो होता.

मला दुसरं काय करावं ते सुचलं नाही, म्हणून मी जे करत आलो तेच केलं. आवाज चढवून अहवाल दिला. "उजवा हिरवा गेला. वजन एक जी. चाक स्थिर."

लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. खूप टाळ्या पडल्या. व्हर्नाने टाळी वाजवली नाही.

बाहेर गाडीपाशी मी तिला म्हटलं, जोडणी सैल असेल, बल्ब मिणमिणत असेल. ती म्हणाली, "इतकी वर्षं आपण हे केलं. दिवा दिसला नाही की आपण काय लिहायचो? दिवा गेला असं लिहायचो, पण त्याचा अर्थ काय असायचा? दिवा कधी गेला होता का रे? एकदा तरी? माणसाचा डोळा जायचा. दिव्याला दोष द्यायला आपण कधीपासून लागलो?"

मग तिने हात पुढे केला. किल्लीसाठी. मला शंका आहे की नाही ते मी स्वतःलाच विचारलं. शंका होती. किल्ली तिला दिली.

घरी येताना वाटेत तिने एकच प्रश्न विचारला. "आर्लीन तुझ्या कुठल्या बाजूला बसते?"

मी मान उजवीकडे वळवली. घर येईपर्यंत तशीच ठेवली.

२२ सप्टेंबर, बुधवार

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, उजवीकडे फार. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायला सांगितलं, हातात बटण दिलं आणि म्हणाल्या, दिवा दिसला की दाबा. मला हसू फुटलं. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला भीती वाटतेय.

मी विचारलं, काळं कसं नाही दिसलं मला? चाकावर तर कडेने काळोख चालून यायचा, आणि आला की मी तिथल्या तिथे सांगायचो. त्या म्हणाल्या, हा तसा येत नाही. हा वर्षानुवर्षं हळूहळू येतो, आणि जिथे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं ओढून भोक बुजवतो. माणसाला वाटतं सगळं दिसतंय. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंब घालून राखता येईल. गाडी बंद.

म्हणजे टपालपेटी जिथे होती तिथेच होती. आणि हार्वी खरंच सहा फूट दोन इंच आहे. त्याच्या दारात जाऊन माफी मागितली. त्याने बिअर दिली, आणि माझी बोटं नीट मिटेपर्यंत ग्लास सोडला नाही.

गाडी गेल्याचं दुःख व्हायला हवं, पण आज त्याला जागाच नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे आणि ती मला लिहायलाही भीती वाटते. ती खोटी निघाली तर? हात खरंच येत नसला तर? उद्या व्हर्ना मला सोडायला येणार आहे.

२३ सप्टेंबर, गुरुवार

व्हर्ना खाली दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसली. मी एकटाच वर गेलो. कम्फर्टने आर्लीनला खिडकीपाशी आणलं. मी नेहमीच्या जागी बसलो. सामना सुरू झाला. मला मान वळवायचा धीर होईना. आठ जी सोसलेला माणूस मी, आणि मला मान वळवता येईना.

तिसऱ्या डावात मी उठलो, खुर्ची उचलली आणि तिच्याकडे तोंड करून ठेवली.

हात होता. खुर्चीच्या दांडीवर, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. नजर समोर, गाडीत असायची तशी.

"आर्लीन," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. आणि हात उचलून मांडीवर घेतला, ओठ घट्ट मिटले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मला तो चेहरा पंचेचाळीस वर्षं ठाऊक आहे. मी तिच्या बहिणीच्या लग्नाला उशिरा पोचलो होतो तेव्हाचा तो चेहरा. न विचारता गाय विकली होती तेव्हाचा. आर्लीन विसरली नव्हती, आर्लीन रुसली होती. नाताळपासून रोज दुपारी हा माणूस येतो, शेजारी बसतो, पुढे केलेला हात धरत नाही, आणि एक दिवस सांगतो की तुला ओहायोला पाठवतोय. दुसरं कुणी असतं तर केव्हाच हात पुढे करणं सोडून दिलं असतं.

मी गुडघ्यांवर बसलो. आता गुडघे तसे वाकत नाहीत, पण बसलो. सगळं सांगितलं. डोळ्याचं, दिव्याचं, टपालपेटीचं. मी गाढव आहे हेही सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

कम्फर्ट दारात उभी होती. "मी सांगत नव्हते? मी किती वेळा सांगितलं? पण नाही, मिस्टर लॉइडना दिसलं पाहिजे!" ती रागावलेली होती आणि रडतही होती.

कम्फर्टच्या टेबलावरून डेलला फोन लावला. आई कुठेही जाणार नाही, म्हटलं. तो म्हणाला, डॅड, पण त्यांनी खोली राखून ठेवलीय, आगाऊ सांगायला हवं होतं. मी म्हटलं, मग त्या खोलीत तू जाऊन राहा. मग डोळ्यांचं सांगितलं. "येतो मी शनिवारी," म्हणाला. ये म्हटलं.

परत येऊन तिच्यासमोर बसलो. तिला म्हटलं, डेलला सांगितलंय, तू कुठेही जाणार नाहीस. तिने ऐकलं की नाही ते कळू दिलं नाही. थोड्या वेळाने तिने डाव्या हाताने माझा खांदा ढकलला. मी टीव्हीच्या आड आलो होतो. मी जरा बाजूला सरकलो, पण तिच्यावरची नजर काढली नाही.

सातव्या डावात तिने हात पुन्हा दांडीवर ठेवला, तळवा वर. मी लगेच धरला. सामना कोण जिंकलं ते व्हर्नाला विचारायला हवं.